गाडीची परीक्षा होते, चालवणाऱ्याची नाही : परिवहन आयुक्तांना खुलं पत्र

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या ई-दुचाकी चालवणाऱ्यांना रस्त्यावरचा धोका वेळेत ओळखता येतो का, हे तपासण्याची सोय करण्याबाबत

स. न. वि. वि.

मी पुण्यात बायकांना दुचाकी चालवायला शिकवते. पूर्वी माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी कच्चं लायसन्स काढून, पक्क्यासाठी आठचा आकडा घोटायला यायच्या. आता येणाऱ्या बऱ्याच जणींना लायसन्सशी काही देणंघेणंच नसतं. नातवाला बालवाडीत सोडणारी आजी असते, पोळीभाजीचे डबे पोचवणारी ताई असते, दहावीतल्या लेकीला क्लाससाठी गाडी घेऊन दिलेली आई लेकीसकट येते. गाडी आधीच दारात उभी असते. घेताना दुकानात सांगितलेलं असतं, "लायसन्स नको, पासिंग नको, पेट्रोल नको." माझ्याकडून त्यांना फक्त बॅलन्स हवा असतो आणि तो लवकर येतो. बॅटरीच्या या गाड्या हलक्या, गिअर नाही, क्लच नाही, मूठ पिळली की चालल्या.

बॅलन्स आल्यावर खरं शिकवणं सुरू व्हायला हवं. तेव्हा त्या थांबत नाहीत आणि त्यांनी थांबावं असं सांगणारंही कुणी नाही. या पत्राचं कारण तेवढंच आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम २(यू) आपल्याला पाठ असेल, इतर वाचकांसाठी लिहिते. मोटरची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, धड ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर. एवढं असलं आणि मान्यताप्राप्त संस्थेने ते तपासून दिलं, की कायद्याच्या लेखी ती गाडी मोटार वाहन राहत नाही. पायडल मारायच्या ई-सायकलचंही तसंच, फक्त तिथे वेग पंचविसाला पोचला किंवा पाय थांबले की मोटर बंद झाली पाहिजे. मोटार वाहन नाही म्हटल्यावर नोंदणी गेली, लायसन्स गेलं, वयाची अट गेली, हेल्मेटचं कलमही गेलं.

तपासणी करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांपैकी एआरएआय वेताळ टेकडीवर आहे आणि सीआयआरटी भोसरीत. म्हणजे हे काम आमच्याच गावात होतं. मोटर किती वॉटची, ब्रेक कसा लागतो, वजन किती, सगळं मोजलं जातं. गाडी पास होते आणि मग ती तेरा वर्षांच्या पोराच्या हातात जाते किंवा बहात्तर वर्षांच्या आजोबांच्या. या दोघांना समोरच्या रस्त्यावर काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे मात्र राज्यात कुठेही तपासलं जात नाही.

लगेच सांगून टाकते, मी लायसन्स सक्तीचं करा असं म्हणायला आलेली नाही. या गाडीमुळे माझ्या कितीतरी विद्यार्थिनी रिक्षाच्या पैशांतून आणि नवऱ्याच्या सवडीतून सुटल्या आहेत. त्यांना पुन्हा आरटीओच्या दारात एजंटापुढे उभं करण्यात मला आनंद नाही. शिवाय लायसन्सच्या परीक्षेत तरी आपण हे कुठे तपासतो? कच्च्या लायसन्सची परीक्षा नियम ११ प्रमाणे होते. त्यात काय विचारायचं ते लिहिलेलं आहे : वाहतुकीच्या खुणा, सिग्नल आणि नियम, अपघात झाल्यावर चालकाची कर्तव्यं, मानवरहित रेल्वे फाटक ओलांडताना घ्यायची काळजी आणि जवळ बाळगायची कागदपत्रं. साठ टक्के उत्तरं बरोबर आली की पास. ब्रॉडगेजवरची मानवरहित फाटकं रेल्वेने २०१९ साल उजाडता उजाडता बंद करून टाकली, पण फाटक यादीत आहे. थांबलेल्या बसच्या पुढून माणूस धावत येईल का, हे यादीत नाही. पक्क्या लायसन्सला आठचा आकडा काढायचा, पाय टेकवायचा नाही. रिकाम्या मैदानात, जिथे समोरून काहीच येत नाही.

आता पंचविसाच्या वेगाबद्दल. "अहो, सायकलसारखीच तर आहे," हे मला रोज ऐकावं लागतं. हिशोब करून बघू. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ सात मीटर. अनपेक्षित काही समोर आलं तर ते कळून बोटं ब्रेकवर आवळायला सव्वा ते दीड सेकंद सहज जातो, म्हणजे दहा मीटर गाडी आहे त्याच वेगाने पुढे गेली. नंतर बऱ्यापैकी जोरात ब्रेक लागला तरी थांबायला आणखी सहा मीटर. एकूण सोळा. शहरातली मोठी बस बारा मीटर लांब असते. बसच्या मागच्या टोकाशी असताना पुढच्या टोकापासून कुणी उतरलं, तर आजींची गाडी त्या माणसाच्या आधी थांबत नाही. ब्रेक उत्तम असला तरी नाही.

आणि हा हिशोब पंचविसाचा. गाडी घेतल्यावर "लिमिट काढून देतो" म्हणणारे मिस्त्री गल्लोगल्ली आहेत. आपल्याच कार्यालयाने मे २०२२ मध्ये अशा बदललेल्या ई-बाइकवर राज्यभर कारवाईचे आदेश दिले होते, तेव्हा हे काही मी आपल्याला नव्याने सांगत नाही. ताशी चाळीसला तोच हिशोब मांडला तर थांबायला बत्तीस मीटर लागतात. वेग दुप्पटही झालेला नाही, अंतर दुप्पट झालं.

हे अंतर कमी करायचा एकच मार्ग चालवणाऱ्याच्या हातात आहे. माणूस रस्त्यावर येण्याआधी तो येणार हे ओळखायचं. थांब्यावर बस उभी आहे, दार उघडं आहे, बसखालून पलीकडे पावलं दिसतायत, म्हणजे कुणीतरी पुढून ओलांडणार. हे दिसल्याबरोबर जिची मूठ सैल पडली आणि बोटं ब्रेकवर गेली, तिचा एक सेकंद वाचला. म्हणजे सात मीटर. बाकी सगळं नशीब.

मुरलेला दुचाकीवाला हे दिवसभर करत असतो, पण त्याला विचारलं तर सांगता येत नाही. मी शिकवण्यासाठी म्हणून ते शब्दांत पकडायचा प्रयत्न करते. रिक्षा डावीकडे सरकली, रिक्षावाल्याची मान फुटपाथकडे आहे आणि चाक किंचित वळलंय : हा थांबणार, तोही इंडिकेटर न देता, किंवा भाडं ठरलं नाही तर तसाच उजवीकडे कापणार. कडेला लावलेल्या कारचे मागचे दिवे आत्ताच विझले : दार उघडणार. डिव्हायडरच्या फटीत एका स्कूटरचं पुढचं चाक दिसतंय : ती वाट बघत नाहीये, घुसायला टपली आहे. चेंडू आला की मागे पोर येतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण एका कडेला कुत्रा उभा राहून पलीकडच्या कुत्र्याकडे बघतोय, हे कुणी बघत नाही. उन्हाळ्यात कोरड्या रस्त्यावर पाण्याचा ओघळ दिसला तर पुढे कुठेतरी टँकर उभा आहे किंवा मागे येतोय. सोसायटीच्या फाटकाबाहेर वॉचमन हात वर करून उभा राहिला : गाडी बाहेर येणार. क्लास सुटायची वेळ, गणपतीच्या मांडवाने अर्धा झालेला रस्ता, पहिल्या पावसानंतरचं डांबर. कोल्हापूर-सांगलीकडे गळीत हंगामात रात्री उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली, मागे एकही दिवा नसलेली. ती दिसत नाहीच, पुढचा अंधार जरा जास्त काळा दिसतो, एवढंच.

यातले काही धोके डोळ्यासमोर असतात, फक्त त्यांचं पुढचं पाऊल ओळखायचं असतं, जसा तो रिक्षावाला. काही आडोशामागे असतात आणि आडोसा पाहूनच त्यांचा अंदाज बांधायचा असतो, जशी बस. नवख्यांना दोन्ही जड जातात, आणि माझा अनुभव असा की पहिला प्रकार जास्त. रिक्षा त्यांना दिसलेली असते. "दिसली होती की मला," असंच त्या नंतर सांगतात. दिसण्याचा प्रश्न नव्हताच, ती आता काय करणार हे ओळखण्याचा होता.

आमच्या रस्त्यांवर यात आणखी एक गुंता आहे, तो बाहेरच्या कुठल्या पुस्तकात मला सापडला नाही. खड्डे. नवशिक्याची नजर तशीही चाकाच्या पुढे चार-पाच मीटरवर खिळलेली असते. ती उचलून लांब न्यायला शिकवणं हे माझं अर्धं काम. पण नजर लांब नेली की जवळचं चेंबरचं खचलेलं झाकण चुकतं, आणि या गाड्यांची चाकं लहान, एका झाकणात गाडी आडवी होते. डांबर आणि काँक्रीट यांच्या सांध्यातली खाच, पट्टे न मारलेला स्पीडब्रेकर, केबलसाठी खणून मातीने बुजवलेला चर, या सगळ्यांनी नजर खाली ओढली जाते. सेकंदाला सात मीटर जाणारी बाई पाच मीटरवर बघत चालली आहे, म्हणजे ती एका सेकंदाच्याही आतलं बघते आहे. तिला बसखालची पावलं कशी दिसावीत? नजर खाली-वर, खाली-वर अशी फिरती ठेवता येते, पण ते कौशल्य आहे, वेळ लागतो. तेव्हा चालवणाऱ्याची परीक्षा घेताना रस्त्याचीही घ्यावी लागेल. त्यावर पुढे येते.

नुसत्या पायडलच्या सायकलवरून ई-सायकलवर आलेल्यांची गोष्ट आणखी निराळी. ज्येष्ठांमध्ये हे पुष्कळ आहे, गुडघे दुखायला लागल्यावर मुलं घेऊन देतात. आयुष्यभर सायकल चालवलेल्या माणसाला धोक्याचा अंदाज चांगला असतो, पण तो अंदाज त्याच्या जुन्या वेगावर बसवलेला असतो. पायांना दम लागत नाही, त्यामुळे वेग वाढलाय हे शरीर सांगत नाही. आणि समोरच्यालाही कळत नाही. जर्मनीत केमनिट्झच्या संशोधकांनी प्रयोग केला, त्यात दिसलं की वेग तोच असूनही साध्या सायकलपेक्षा ई-सायकलच्या पुढून घुसताना मोटारचालक कमी अंतर पुरेसं मानतात. आरामात पायडल मारणारा म्हातारा दिसतो, म्हणजे सावकाश येतोय, असं गृहीत धरलं जातं. त्यात गाडीला आवाज नाही. आपल्याकडे पायी चालणारा अर्धा रस्ता कानाने ओलांडतो. म्हणजे ई-सायकलवाल्याने इतरांचा अंदाज तर घ्यायचाच, वर इतरांचा आपल्याबद्दलचा अंदाज चुकणार आहे हेही धरून चालायचं.

हे सगळं मोजता येतं का? येतं, आणि मोजलं जातं. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २००२ पासून लायसन्सच्या लेखी परीक्षेला जोडून धोका ओळखण्याची वेगळी चाचणी आहे. रस्त्यावरच्या चौदा चित्रफिती दाखवतात, त्यांत पंधरा धोके आकार घेत असतात. धोका उमलायला लागला की माउसचं बटण दाबायचं. लवकर दाबलं तर पाच गुण, उशीर होईल तसे कमी, फार उशीर झाला की शून्य. पंचाहत्तरपैकी चव्वेचाळीस मिळाले तर मोटारसायकल आणि कारवाले पास. सतत बटण बडवत राहणाऱ्याला त्या फितीत शून्य. परीक्षा पुस्तक पाठ करून देता येत नाही, हा तिचा मोठा गुण. आता खरं ते सांगायला हवं : ब्रिटनमध्येही २५० वॉटची ई-सायकल चौदा वर्षांवरच्या कुणालाही लायसन्सशिवाय चालवता येते आणि त्यांना ही चाचणी नाही. पण तिथे ती पायडल मारल्याशिवाय पळत नाही. आपल्याकडे दुकानात जी ढिगाने विकली जाते ती स्कूटर आहे.

तरीही ब्रिटनची चाचणी उचलून इथे आणा असं मी म्हणणार नाही, आणि कृपा करून कुठल्या कंपनीकडून तशी तयार विकतही घेऊ नका. कारण बटण दाबण्याच्या पद्धतीत एक गोम आहे. ब्रिटन आणि मलेशियातल्या चालकांना दोन्ही देशांतल्या रस्त्यांच्या फिती दाखवून संशोधकांनी तुलना केली होती. मलेशियाचे चालक बटण दाबायला उशीर करत. रोज इतकं काही बघतात की कशाला धोका म्हणायचं याची त्यांची पातळीच वर गेलेली, असा त्याचा अर्थ लावला गेला. लक्ष्मी रोडवर वाढलेल्या माणसाचं काय होईल ते सांगायला नको. तो एक तर बटण दाबणारच नाही किंवा सोडणारच नाही.

त्यावर उपाय निघालेला आहे. फीत चालू ठेवायची आणि धोका घडण्याच्या अगदी आधी पडदा काळा करायचा. मग विचारायचं : पुढे काय होईल? कुठून? चार पर्यायांतला एक निवडा. इथे घाई नाही, धिटाई-भित्रेपणाचा प्रश्न नाही. रस्ता वाचता आला की नाही, एवढंच. चीन, स्पेन आणि ब्रिटन या तीन देशांत दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या गेल्या तेव्हा मुरलेले आणि नवखे चालक वेगळे काढायला ही 'पुढे काय'वाली पद्धत जास्त उपयोगी पडली. चीनमधली रहदारी आपल्याला ब्रिटनपेक्षा जवळची, म्हणून मला हे महत्त्वाचं वाटतं.

आणि शिकवल्याने फरक पडतो. बेल्जियममध्ये गेन्ट विद्यापीठाच्या लोकांनी सायकल चालवणाऱ्या शाळकरी मुलांना अशा फितींवरून धोका ओळखायला शिकवलं आणि न शिकवलेल्या वर्गांशी तुलना केली. शिकलेली मुलं धोका लवकर हेरू लागली. शाळेच्या वर्गात, पडद्यावर. त्यासाठी मैदान लागलं नाही की आठचा आकडा.

लायसन्स न मागता परीक्षा घेता येते का, या प्रश्नाचं उत्तर सिंगापूरने दिलेलं आहे. तिथली ई-सायकलही २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरचीच. १ जानेवारी २०२२ पासून रस्त्यावर ती चालवायची तर ऑनलाइन लेखी परीक्षा पास झालेली असावी लागते, वय किमान सोळा. मोटारचं लायसन्स लागत नाही. त्यांची परीक्षा नियमांची आहे, धोक्यांची नाही, हा भाग सोडा. 'लायसन्स नाही म्हणून काहीच नाही' या टोकाला जाण्याची गरज नसते, एवढं त्यातून दिसतं.

तर माझी मागणी अशी आहे.

परिवहन विभागाने आमच्याच रस्त्यांवर, दुचाकीच्या हँडलच्या उंचीवरून घेतलेल्या फितींची 'पुढे काय' चाचणी तयार करून घ्यावी. संस्था शोधायला लांब जायला नको. भोसरीची सीआयआरटी चालक प्रशिक्षणातच आहे, एआरएआय गाड्या तपासतेच, त्यांना माणसं तपासणारे मानसशास्त्राचे लोक विद्यापीठातून जोडून द्या. फिती फक्त पुण्या-मुंबईच्या नकोत. नागपूरचा उन्हातला रुंद रस्ता, कोकणातलं वळण, इचलकरंजीतला बाजार, मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावातला एसटी स्टँडचा चौक, सगळं हवं. या गाड्या आता तालुक्याला जास्त दिसतात. प्रश्न मराठीत, आणि वाचून दाखवलेले. माझ्याकडे येणाऱ्या काही जणींना वाचायला वेळ लागतो, रस्ता वाचायला नाही. त्यांना अक्षरांवरून नापास करू नका.

फिती निवडायची रीत सोपी ठेवावी. ज्यांची वर्षानुवर्षं अपघाताशिवाय गेली असे पोस्टमन, दूधवाले, कुरिअरवाले घ्या आणि नुकती मूठ पिळायला शिकलेले घ्या. ज्या फितीत पहिले पास आणि दुसरे नापास होतात, ती फीत कामाची. जिथे दोघंही पास होतात ती काढून टाका, ती सोपी आहे.

आणि जिथे दोघंही नापास होतात? माझ्या मते ती फीत सगळ्यांत मोलाची, पण चाचणीसाठी नव्हे. वीस वर्षं दूध घालणाऱ्या माणसालाही जिथे पुढे काय होणार ते कळत नाही, तिथे चूक माणसाची नाही. तिथे होर्डिंगने वळण झाकलेलं असेल, थांबा चुकीच्या जागी असेल, दुभाजक अंधारात अचानक सुरू होत असेल. ती फीत जागेच्या नावासकट महापालिकेच्या पथ विभागाला किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याला जायला हवी, आणि तिथे काय केलं हे विचारायचा अधिकार आपल्याकडे हवा. अपघात झाल्यावर 'ब्लॅक स्पॉट' जाहीर करायची पद्धत आपल्याकडे आहेच, म्हणजे आधी माणसं मेली पाहिजेत. २०२२ साली महाराष्ट्रात रस्त्यांवर १५,२२४ माणसं गेली. देशात त्या वर्षी गेलेल्या १,६८,४९१ जणांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. ई-दुचाकीवरचे त्यात किती हे शोधणंही अवघड, ज्या गाडीला नंबरच नाही ती नोंदीत कशी सापडणार? ही चाचणी माणूस मरायच्या आधी जागा दाखवू शकते.

सक्ती कुणावर करायची, यावर माझं मत स्पष्ट आहे. आजींवर नको. त्यांना गाडी ताब्यात देताना दुकानात मोबाइलवर दहा फिती दाखवा, निकाल त्यांच्या हातात द्या, कुठलं चुकलं ते दाखवा, गाडी घेऊन जाऊ द्या. नापास झालेली बाई आपण होऊन शिकायला येते, हे मी लिहून देते. तोपर्यंत तिला आपल्याला शिकायचंय हेच माहीत नसतं. अठराच्या आतल्या मुलांसाठी मात्र शाळेमार्फत ही चाचणी पास होणं बंधनकारक असावं आणि सोळाच्या खाली रस्त्यावर मनाईच. चीनमध्येही ई-सायकलला सोळाची अट आहे. ज्यांच्या कामासाठी दुसऱ्याचा पोरगा दिवसभर रस्त्यावर पळतो, त्या डिलिव्हरी कंपन्यांवर तर सक्ती हवीच. चाचणीचा वेळ पगारी धरून. लायसन्स नसलेल्या पोरांना या गाडीवर काम मिळतं, हे चांगलंच आहे, पण पहिल्या दिवशी त्याला ॲप कसं वापरायचं ते शिकवतात, रस्ता कसा वापरायचा ते नाही. मिनिटं मोजणारं ॲप आणि बसखालची पावलं, दोन्हीकडे एकदम बघता येत नाही.

आक्षेप मला माहीत आहेत. फिती फुटतील, पंधरवड्यात उत्तरं व्हॉट्सॲपवर येतील. येतील. म्हणून फिती शंभर-दोनशे नकोत, हजारांत हव्यात, आणि दरवर्षी नव्या. डॅशकॅम आणि हेल्मेट कॅमेरे आता इतके आहेत की लोकांकडून मागवल्या तरी ढीग पडेल (नंबरप्लेट आणि चेहरे पुसून, अर्थात). घरबसल्या परीक्षेला दुसराच बसेल. तेही होईल, कच्च्या लायसन्सच्या घरबसल्या परीक्षेबद्दल असं किती ऐकलंय. पण दुकानात किंवा शाळेत घेतलेल्या आणि ज्यात नापास झाल्याने काही बुडत नाही अशा चाचणीत दुसऱ्याला बसवायचं कारणच काय?

विक्रेते म्हणतील, गिऱ्हाईक बिचकेल. बिचकू दे थोडं. जे दुकानदार लिमिट काढून देतात ते माझ्या सहानुभूतीच्या पलीकडे आहेत, आणि जे काढून देत नाहीत त्यांना ही चाचणी सांगून विकता येईल.

आणखी एक आक्षेप मी स्वतःच घेते. पडद्यावर 'पुढे काय' ओळखणारा रस्त्यावर नीट चालवेलच असं नाही. ज्याला धोका उत्तम कळतो आणि तरी जो कट मारतो, असा पोरगा प्रत्येक गल्लीत आहे. त्याच्यावर या चाचणीचा काही परिणाम होणार नाही, त्याच्यासाठी पोलीस आहेत. ही चाचणी त्यांच्यासाठी आहे ज्यांना नीट चालवायचं आहे पण कुणी कधी दाखवलं नाही. अशी माणसं आपल्या अंदाजापेक्षा खूप जास्त आहेत. माझ्याकडे तीच येतात.

खर्चाचं मी बोलत नाही, त्याचा अंदाज आपल्या विभागाला माझ्यापेक्षा बरा. एक मात्र सुचवते. पहिला प्रयोग राज्यभर नको, एकाच शहरात करा. पुणे घेतलंत तर नवखी माणसं मी देते, शिकून गेलेल्या आणि शिकत असलेल्या, विशीपासून सत्तरीपर्यंतच्या. मुरलेले पोस्टमन आणि दूधवाले आपण आणा. फक्त वेळ दुपारी दोन ते चारची ठेवा. सकाळी डबे असतात आणि संध्याकाळी शाळा-क्लास सुटतात, तेव्हा कुणी येणार नाही.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
दुचाकी शिकवणारी एक बाई
कोथरूड, पुणे